लेकरू परत न देणाऱ्या गोष्टी

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. ग्रीक शोकांतिकांवर बोलण्याचा मला काडीचा अधिकार नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. निवृत्तीनंतर धाराशिवच्या घरी बसून काय करायचं, या प्रश्नाला प्रत्येक जण आपापलं उत्तर शोधतो. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी शेताच्या बांधावरून भावकीशी भांडतं. मला जुन्या ग्रीक नाटकांवर निघालेले सिनेमे पाहण्याचा नाद लागला. तो कसा लागला हे सांगण्यासारखं नाही. तो लागल्यावर काय काय उमगत गेलं, ते थोडं सांगण्यासारखं आहे.

१. ग्रीसची गोष्ट आपल्या जिल्ह्याला परकी नाही, हे मला साठीनंतर कळलं. लहानपणापासून तेरला जायचो ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. तेरणेच्या काठावरचं ते गाव दोन हजार वर्षांपूर्वी ‘तगर’ या नावानं समुद्रापार माहीत होतं, ही गोष्ट वर्गात कुणी सांगितली असेल तर तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत असणार. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथून सुती कापड भडोचच्या बंदराकडे जातं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती बाहुली आजही पाहायला मिळते. कापड गेलं, मद्याचे कुंभ आले. ग्रीक नाटककार युरिपिडीसची नाटकं त्या गाठोड्यांतून कुणी आणली नसावीत. पण आणायची गरजही नव्हती. बाराशे वर्षांनी त्याच गावात एक शोकांतिका आपली आपण घडणार होती.

२. गोरोबाकाकांची गोष्ट मी आयुष्यभर शेवटाकडून ऐकली होती. नामात दंग होऊन चिखल तुडवताना पायाखाली पोटचं लेकरू येतं, हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्याच दमात पुढचंही ठाऊक होतं, की पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात ते लेकरू रांगत येतं आणि तोडलेले हातही परत फुटतात. त्यामुळे मधल्या प्रसंगाला आम्ही कधी थांबलोच नाही. ग्रीकांचं ‘बॅकी’ हे नाटक वाचलं तेव्हा थांबावं लागलं. त्यात देवाच्या उन्मादात भान हरपलेली आगावी स्वतःच्या मुलाला फाडते. सिंहाचं समजून त्याचं शिर मिरवत घरी येते, आणि म्हातारा बाप तिला हळूहळू शुद्धीवर आणतो: बघ, तुझ्या हातात काय आहे. बस, एवढंच. पुढे कीर्तन नाही, रांगणारं मूल नाही. या नाटकाचा सिनेमा पाहायला गेलो तर ब्रायन डी पाल्माचा ‘डायोनिसस इन सिक्स्टीनाइन’ (१९७०) हाती लागला. न्यूयॉर्कमधल्या एका नाटकमंडळीचा प्रयोग पडदा दुभागून टिपलेला, अर्धा कपड्यांत आणि अर्धा त्यांच्याशिवाय. घरात कुणी येत नाही ना, हे पाहत पाहत मी तो पूर्ण केला. गोरोबाकाकांवरही सिनेमे कमी निघालेले नाहीत. १९४८ साली तमिळमध्ये, १९७४ साली कन्नडमध्ये राजकुमारांचा ‘भक्त कुंबार’, १९७७ साली तेलुगूत ‘चक्रधारी’. तेरचा कुंभार दक्षिणेत सगळीकडे पोचला. या परंपरेत मूल परत येतंच, आणि ते येण्यासाठीच तर प्रेक्षक बसलेला असतो. मी तक्रार करत नाही. पण तुडवलेल्या चिखलापासून कीर्तनापर्यंतच्या वाटेवर त्या मुलाची आई काय करत होती, हा प्रश्न मला आगावीनं घातला. तोवर मला तो पडलाच नव्हता.

३. आपल्याकडच्या आयांना युरिपिडीस समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या नाटकावरचा मायकेल काकोयानिसचा ‘इफिजेनिया’ (१९७७) मी आईला सोबत बसवून पाहिला. तिला खालच्या इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत, म्हणून मी बोलून सांगत होतो. किनाऱ्यावर सैन्य अडकलंय. वारा पडलाय. जहाजं हलत नाहीत. उन्हानं आणि उपासमारीनं माणसं पिसाळलीत. आमच्या भागात हे वेगळं सांगायला नको. वाऱ्याच्या जागी पाऊस घातला की मृगानंतरचा कुठलाही कोरडा आठवडा डोळ्यांपुढे येतो. मग पुरोहित म्हणतो, राजानं मुलीचा बळी दिला तर वारा सुटेल. आई उठून बसली. “बापच मारायलाय व्हय रं लेकराला?” आणि लगेच, “तिच्या मायला सांगितलं का?” सांगितलं नव्हतं. लग्न ठरलंय, असं खोटं कळवून मायलेकींना बोलावून घेतलं होतं. आई म्हणाली, “मग ही तर शीतळा सातमीची कहाणी.”

४. तेव्हा मला ती कहाणी नव्यानं ऐकावी लागली. श्रावणात दरवर्षी ऐकलेली, कंटाळून ऐकलेली. राजानं तळं बांधलं, पाणी लागेना. जलदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजानं सुनेला माहेरी पाठवलं, नातवाला न्हाऊमाखू घालून तळ्यात ठेवलं, आणि तळं भरलं. सून परतताना भरलेलं तळं पाहते, सप्तमीचा वसा वसते आणि आमच्या वंशातलं कुणी पाण्यात गेलं असेल तर परत मिळू दे, असं मागते. मुलगा पायाला बिलगतो. तिकडे इफिजेनियाच्या बापानं, आगामेम्नॉननं, लग्नाचं निमित्त काढलं, इकडे राजानं माहेरचं. दोन्हीकडे कामं झाली ती बाईला अंधारात ठेवून. ग्रीक नाटकाच्या शेवटीही निरोप्या येऊन सांगतो, की ऐन वेळी मुलगी नाहीशी झाली आणि वेदीवर हरिणी पडलेली दिसली. मुलीची आई क्लितेमनेस्त्रा त्यावर विचारते, की माझं दुःख थांबावं म्हणून तर ही गोष्ट रचली नाही ना? हा शेवट मागाहून कुणीतरी जोडला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काकोयानिसनं तो गाळला. त्याच्या सिनेमात वारा सुटतो, बापाचा चेहरा दिसतो, जहाजं निघतात, आणि क्लितेमनेस्त्रा झालेल्या इरीन पापासच्या डोळ्यांत पुढच्या सगळ्या खुनांची तयारी दिसते. सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ हरिणीची वाट पाहत होती. मी म्हणालो, संपला. ती म्हणाली, “असं कसं?” चांगल्या समीक्षेला याहून जास्त शब्द लागत नाहीत.

५. मरण पडद्यामागे ठेवलं की ते जास्त लागतं. ग्रीकांनी रंगमंचावर हत्या दाखवणं टाळलं. आत काहीतरी घडायचं, मग दार उघडायचं आणि जे उरलंय ते पुढे यायचं. मला हा जुना संकोच वाटायचा. सिनेमाला कॅमेरा आहे, त्यानं का टाळावं? याचं उत्तर मला अथेन्समधून मिळालं नाही. ते शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडून आलं. नागराज मंजुळे जेऊरचे. त्यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) शेवटची हत्या आपल्याला दिसत नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं पोर घरात येतं, काय पाहायचं ते पाहतं आणि रक्ताची पावलं उमटवत बाहेर पडतं. आवाजही बंद. ‘झिंगाट’वर नाचलेलं सगळं थिएटर तेव्हा गप्प बसलेलं मी पाहिलंय. ‘सैराट’ कुठल्या ग्रीक नाटकावरून घेतलेला नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो दाराचा नियम इतका चोख पाळलेला मी ग्रीसच्या नावानं निघालेल्या कित्येक सिनेमांतही पाहिला नाही. आणि इथे एक लेकरू राहतं खरं, पण आईबाप परत येत नाहीत. कहाणी उलटी केली की काय होतं, ते त्या पावलांनी दाखवलं.

६. सिनेमावाल्यांची खरी अडचण असते ती कोरसची. नाटकात पंधराएक माणसं एका सुरात बोलतात, नाचतात, राजाला शहाणपण सांगतात आणि ऐन वेळी काहीही करत नाहीत. कॅमेऱ्यापुढे हे खोटं दिसायला लागतं. काकोयानिसनं ‘इलेक्ट्रा’त (१९६२) काळ्या कपड्यांतल्या खेडुत बायका माळावर उभ्या केल्या आणि त्यांचे चेहरेच बोलू दिले. पासोलिनीनं आफ्रिकेत ‘ओरेस्टिया’ करण्याच्या तयारीचा म्हणून एक सिनेमा काढला (१९७०). त्यात सूडदेवतांच्या जागी त्याला वाऱ्यात हलणारी झाडं सुचली. आपल्याकडे जब्बार पटेलांना ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) हे जवळजवळ फुकटात साधलं, कारण गोनीदांच्या कादंबरीतल्या ठाकरांचं गाणं आणि ना. धों. महानोरांचे शब्द हाताशी होते. गाणारी माणसं नाग्याची गोष्ट सांगत जातात, आणि राणीमाशीशी मांडलेल्या वैरात तो जिंकतो त्याच घटकेला चिंधी जाते. मी तुळजापूरच्या जिल्ह्यात वाढलेला माणूस. संबळ, तुणतुणं, दिवटी आणि रात्रभर चालणारं आख्यान मला नवं नव्हतं. गोंधळी कथा सांगतो, कथेत शिरतो, बाहेर येतो, यजमानाची थट्टा करतो. मला नवं एवढंच होतं, की कोरसमध्ये मीही आहे. गावात एखाद्या घरी काय शिजतंय हे चावडीवर सगळ्यांना माहीत असतं. सगळे हळहळतात. कुणी उठून जात नाही.

७. क्रेऑनचंही थोडं बरोबर असतं, हे मान्य करायला मला महासाथ यावी लागली. सोफोक्लिसची अँटिगनी ही आमच्या पिढीची लाडकी. क्रेऑन राजाची आज्ञा मोडून भावाला मूठमाती देणारी मुलगी. तिच्या बाजूनं उभं राहायला काही लागत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात माझा एक जुना सहकारी गेला. त्याची मुलं बाहेर थांबली. अंगभर पांढरे पोशाख घातलेल्या माणसांनी सगळं उरकलं. मुलाला तोंडही पाहता आलं नाही. तो मुलगा अँटिगनी होता, यात शंका नाही. पण ज्यांनी त्याला अडवलं ते कुणी दुष्ट राजे नव्हते. त्यांनाही घरी लेकरं होती आणि त्यांनी अडवलं नसतं तर आणखी चार चिता पेटल्या असत्या, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. त्यानंतर सोफी देरास्पचा ‘अँटिगनी’ (२०१९) पाहिला. गोष्ट मॉन्ट्रियलमधल्या एका अल्जेरियन निर्वासित घरातली. एक भाऊ पोलिसांच्या गोळीनं जातो, दुसरा तुरुंगात पडतो, आणि बहीण त्याच्या जागी स्वतः आत जाऊन बसते. इथे क्रेऑन नावाचा राजा नाहीच. कायदा आहे, कार्यालयं आहेत, शिक्के आहेत आणि प्रत्येक टेबलावर बऱ्यापैकी सभ्य माणूस बसलाय. अशा टेबलामागे मी उभा जन्म काढलाय. “नियमात बसत नाही हो,” हे वाक्य मी किती सौजन्यानं म्हणायचो!

८. भूकंप ही शोकांतिका नव्हे, असं मी मोठ्या ऐटीत सांगत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर क्षणात आडवं झालं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. मी पुस्तकी बोलायचो: इथे कुणाचा निर्णय नाही, कुणाचा हट्ट नाही, म्हणून ही आपत्ती, शोकांतिका नाही. काकोयानिसच्या ‘द ट्रोजन विमेन’नं (१९७१) माझी ही ऐट उतरवली. त्या गोष्टीत निर्णय घ्यायला कुणी उरलेलंच नाही. शहर जळालंय, पुरुष मेलेत आणि राणी हेक्युबा, म्हणजे कॅथरीन हेपबर्न, राखेत बसून उरलेल्या बायकांची वाटणी होताना पाहते. नातवालाही तटावरून लोटून देतात आणि ढालीवर घालून मूठमाती देतात. काकोयानिसला हा सिनेमा स्वतःच्या देशात करता आला नाही. ग्रीसमध्ये लष्करशहा बसले होते, म्हणून चित्रीकरण स्पेनमध्ये झालं. मूळ नाटकही इ. स. पू. ४१५ चं, अथेन्सनं मेलोस बेटावरचे पुरुष कापून बायकामुलांना गुलाम केलं त्यानंतर लगेचचं. शोकांतिकेला नायक लागतोच असं नाही, मागे राहिलेल्या बायका असल्या तरी पुरे, हे मला तिथे कळलं. आणि सास्तूरच्या बाबतीतही मी पूर्ण बरोबर नव्हतोच. धक्का जमिनीचा होता, पण माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. उन्हाळ्यात गारवा देणारं, आजोबांनी कौतुकानं बांधलेलं घर. सोफोक्लिसला यात वेगळं काही घालावं लागलं नसतं.

९. जुना पोशाख घातला म्हणजे गोष्ट जुनी राहते असं नाही, आणि उतरवला म्हणजे नवी होते असंही नाही. पासोलिनीचा ‘इडिपस’ (१९६७) विसाव्या शतकातल्या इटलीत सुरू होतो, मोरोक्कोच्या वाळवंटात घडतो आणि पुन्हा विसाव्या शतकातल्या इटलीत येऊन संपतो. त्याच्याच ‘मेडिया’त (१९६९) मारिया कॅलास आहे. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या गायिकांपैकी एक, आणि ती सिनेमाभर गात नाही! योर्गोस लँथिमॉसनं तर ‘द किलिंग ऑफ अ सेक्रेड डिअर’मध्ये (२०१७) इफिजेनियाला अमेरिकेतल्या हृदयशल्यचिकित्सकाच्या बंगल्यात आणून ठेवलं. दारू पिऊन केलेल्या शस्त्रक्रियेत एक माणूस दगावतो. त्याचा मुलगा डॉक्टरला सांगतो, आता तुझ्या घरातलं एक जण तू स्वतः मार, नाहीतर सगळे जातील. मुलांचे पाय लुळे पडतात आणि कुठल्याही तपासणीत काही सापडत नाही. माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, “मामा, यात लॉजिकच नाही.” मी म्हणालो, देवीच्या कोपाला कधी होतं? तो हसला. मग म्हणाला, “पण मग त्यानं नक्की कुणाला निवडायला हवं होतं?” त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत भांडलो. देव काढून घेतला तरी हिशेब मागणारा कुणीतरी उरतोच, एवढ्यावर आमचं एकमत झालं.

१०. सगळंच कळलं असं मात्र समजू नका. थिओ आंगेलोपूलोसचा ‘द ट्रॅव्हलिंग प्लेअर्स’ (१९७५) जवळजवळ चार तासांचा आहे, आणि मी त्यात सन्मानानं झोपलो. गावोगाव एकच नाटक करत फिरणारी मंडळी, मध्ये महायुद्ध, मग यादवी, आणि त्यांच्या घरातच आगामेम्नॉनच्या घराण्याचे खून. जागा झालो तेव्हा तीच माणसं पुन्हा बॅगा घेऊन त्याच स्टेशनवर उभी होती. जत्रेतल्या फडांच्या राहुट्या आणि वगाची पहाट पाहिलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. कळलंही असेल, झोपेत.

११. देवानं लेकरू परत दिलं याचा मला आता राग येत नाही. मध्यंतरी यायचा. आपल्याकडे शोकांतिका नाही, आपण शेवटी सगळं गोड करून घेतो, असं चारचौघांत म्हणण्यात एक सुख असतं, आणि ‘ऊरुभंग’ लिहिणाऱ्या भासाला अपवाद म्हटलं की ते विद्वत्तेचंही वाटतं. आता वाटतं, की ज्या बायकांनी या कहाण्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या, त्यांची किती लेकरं गेली असतील, आणि त्यांतलं एकही परत आलं नसेल. त्यांना शेवट ठाऊक होता. म्हणून त्यांनी गोष्टीत तो बदलला. ग्रीकांनी बदलला नाही, मंजुळ्यांनीही बदलला नाही. दोन्हींना धैर्य लागतं. त्यातलं कुठलं मोठं, हे ठरवायला मी बसलेलो नाही.

एवढं मात्र सुचवतो. यांतला एखादा सिनेमा लावाल तेव्हा एकट्यानं पाहू नका. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवा, इंग्रजी ओळी तुम्ही सांगा, आणि संपल्यावर तिला हे कशासारखं वाटलं ते विचारा. तुमच्या गावची कहाणी माझ्यापेक्षा वेगळी निघेल. तिच्यात लेकरू परत येत असेल तर येऊ द्या. फक्त त्याच्या आधीच्या वाक्यापाशी जरा थांबा.